मेहुण्याचा हात

पक्षाघाताचा झटका आल्यापासून टेलरमास्तरांनी एक नवंच गाऱ्हाणं काढलं होतं. मांडीवर निपचित पडलेला स्वतःचा डावा हात दाखवून ते बायकोला म्हणत, "अगं, तुझा भाऊ हात विसरून गेलाय. घेऊन जा म्हणावं."

"माझा भाऊ दोन्ही हात घेऊन स्वतःच्या घरी बसलाय!" आजी कडाडायच्या. हॉस्पिटलचा अख्खा वॉर्ड हसायचा. मास्तर मात्र ढिम्म.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कालच तो हात खुर्चीच्या चाकात अडकून सोलवटला आणि मास्तरांना पत्ताही नाही. मास्तर स्वतः हाताला जपायला लागल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात शिलाई मशीन, तापलेली इस्त्री. आजींचा जीव टांगणीला लागला.

"आजी, भांडून उपयोग नाही," थेरपिस्ट पोरगी म्हणाली. "त्यांचा मेंदूच हाताची ओळख विसरलाय. त्यांनी हाताकडे बघायला हवं, हात लावायला हवा. त्यांच्या सवयीचं एखादं काम सुचतंय?"

दुसऱ्या दिवशी आजी मापाची टेप घेऊनच आल्या.

"अहो, माझ्या भावाला शर्ट शिवायचाय. हात इथेच आहे, माप घ्या."

"त्याला कुठलं कापड शोभणार!" म्हणत मास्तरांनी टेप घेतलीच. गिऱ्हाईक म्हटलं की त्यांना राहवत नसे. आजींनी टोक मनगटावर दाबून धरलं. मास्तरांची उजवी बोटं हातावर टेप दाबत वर निघाली. "दंड काय हा! जेवत नाही का?" मग खांदा आला, आणि बोटं स्वतःच्याच कॉलरला अडली.

ते पुन्हा मनगटापासून निघाले. पुन्हा कॉलर.

"अगं, हा तर माझ्याच अंगाला जोडलाय."

"कच्चा टाका नाही, पक्की शिलाई आहे," आजी म्हणाल्या.

संध्याकाळी हात पुन्हा मेहुण्याचा झाला. आजींनी सकाळी पुन्हा टेप काढली. असं रोजच चाललं.

मग एकदा त्या खुर्ची ढकलणार, तोच मास्तर ओरडले, "थांब!" उजव्या हातानं डावा उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. "हं, चल. मेहुण्याला सांभाळून न्यायला हवं."

"अजून मेहुणाच म्हणतात हो," थेरपिस्ट हसली.

"म्हणू दे. लग्न झाल्यापासून यांनी माझ्या भावाला इतकं मायेनं कधी विचारलं नव्हतं. बोलाव डॉक्टरांना, आम्ही घरी निघालो!"