माकडांच्या घरची लेक

सेगामेत्सीचं देवक माकड, आणि केबोनांगमामाला दिवसभर चघळायला तेवढं पुरेसं होतं. ख्वाई नदीच्या काठी जीपच्या बॉनेटवर बसून माग काढता काढता त्याचे केस पांढरे झाले होते; जीभ मात्र अजून वयात आली नव्हती.

आज तरी त्यानं तोंड आवरावं, असं तिला फार वाटत होतं. पाहुण्यांना जनावरं दाखवायचा परवाना मिळवायची ही तिची तिसरी खेप. मागच्या बाकावर परीक्षक मोआत्लोदी एकटेच मांडीवर वही घेऊन बसले होते आणि सकाळपासून अवाक्षर बोलले नव्हते. हत्ती झाले, पाणघोडे झाले. बिबट्या बाकी होता, आणि आधीच्या दोन्ही खेपांना त्यानंच तिचं नाक कापलं होतं.

वाळूत ठसे दिसले, नदीकडे जाणारे. ती हरखली. तेवढ्यात मागच्या झाडांतून माकडांनी एकच ओरडा मांडला.

"अगं, तुझे काका हाका मारतायत," मामा म्हणाला. "लग्नाचं कधी करतेस म्हणून विचारत असतील. थांब की जरा!"

"तुमचं देवक तर हरीण, मामा. बिबट्याची न्याहारी! आधी स्वतःचा जीव सांभाळा."

"बघ बघ, थोरले काका तर फांदीवर नाचायलाच लागले. तुझ्या बापाकडची माणसं म्हणजे अशीच!"

मागे मोआत्लोदी खाकरले. सेगामेत्सीचे कान तापले. परक्या माणसासमोर घरच्यांची अशी शोभा! तिनं झाडांकडे मानसुद्धा वळवली नाही. गिअर टाकला आणि ठशांमागून तडक नदी गाठली. तिथे गवतात ठसे हरवले. दोन तास फिरून हाती धुरळा आला.

चहाला थांबले तेव्हा तळलेला पिठाचा गोळा, मागविन्या, हातात घेऊन मोआत्लोदी पहिल्यांदा बोलले. "मघाशी ती माकडं काय म्हणत होती?"

ख्वाईतलं शेंबडं पोरही हे सांगेल. सेगामेत्सीनं कप खाली ठेवला.

"बिबट्या, साहेब. तो नदीवरून मागे फिरला असणार. मला ऐकू आलं होतं. पण मामाच्या थट्टेनं लाज वाटली, आणि मी कान बंद केले."

मामानं टोपी काढली. "चूक माझ्या जिभेची, साहेब."

"ते दिसलंच. सकाळपासून माझ्याही काकांचा उद्धार चाललाय. माझं देवकही तेच आहे."

मामाचा मागविन्या चहात पडला.

"मुली," मोआत्लोदी म्हणाले, "ज्याला घरच्यांची लाज वाटते त्याच्या हाती मी पाहुणे कसे सोपवू? अजून ऊन आहे. चालव."

तिला रडू येत होतं, पण स्टिअरिंग सोडून चालणार नव्हतं. ती झाडांपाशी आली तर सगळं चिडीचूप. पुढच्या वळणावर मात्र एक माकड भुंकल्यासारखं ओरडलं, मग दुसरं. मामाचं तोंड सवयीनं उघडलं.

"गप्प बसा, मामा. घरची माणसं बोलतायत."

तिनं इंजिन बंद केलं आणि ऐकत राहिली. मग पाहिलं. सगळी काळी तोंडं एकाच झुडपाकडे वळली होती.

"तिथे आहे, साहेब. पडून आहे. आपण पुढे जायचं नाही, इथेच थांबायचं."

झुडपाचं पानही हललं नाही. बिबट्या अजून कुणालाच दिसला नव्हता. मोआत्लोदींनी वही उघडली आणि परवान्यासाठी सही करून टाकली.