एकतीस अंगठे

ईश्वरदासला अहवाल वाचून दाखवणारी त्याच्या फोनमधली बाई इंग्रजी इतकं भरभर वाचते की मला तिचं निम्मंअर्धं कळतच नाही. पण स्वतःचं नाव आलं की कान टवकारतातच. "वंदना भोयर," बाई म्हणाली. मग "ईश्वरदास नंदनवार". मग "रुख्माबाई पराते". पुढे एकेक करून आमची सगळी माणसं.

"आली बघा नावं!" मी टाळीच वाजवली. मला वाटलं, दिल्लीच्या समितीने आमचं ऐकलं.

ईश्वरदासने वाचणाऱ्या बाईला थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. अकरा वर्षं मी या माणसाचा चेहरा बघते आहे, इतका पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

"ताई, हे पाठिंब्याच्या यादीत हाय."

"कोणाच्या पाठिंब्याच्या?"

"कराराच्या. नागपूरच्या दोनशे चौदा लोकायनं कराराले पाठिंबा देल्ला, असं लिवलं हाय. त्यात एकतीस अंध, अंगठ्यासकट."

काहीतरीच काय, म्हणत मी फोन ओढून घेतला. पानं वर सरकवली. टाइप केलेल्या यादीमागे मूळ कागदांचे फोटो जोडले होते. रेघांचे लांब कागद, डाव्या बाजूला निळ्या पेनने घातलेले आकडे, तिसऱ्या पानावर माझ्याच हातून सांडलेल्या चहाचा डाग. अक्षर माझं.

आमची खोली नागपूरला इतवारीत, भांड्यांच्या दुकानावर आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी इथे अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले. घरचे म्हणाले, बरं झालं, हिच्या तोंडाला काम मिळालं. रुख्माबाईंसारख्या म्हाताऱ्यांना कथा-कादंबऱ्या लागतात, पोरांना शाळेची पुस्तकं. आणि ईश्वरदासला कायदा. उमरेडच्या विणकर घरातला माणूस, तिशीपर्यंत मागावर बसला, मग डोळे गेले. आज त्रेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा फोन इंग्रजी वाचतो, पण छापील मराठी पुस्तकाचा फोटो दिला की वाट्टेल ते बरळतो. म्हणून कायद्याची जाडजूड पुस्तकं माझ्या आवाजात, खालच्या पातेल्यांच्या खणखणाटासकट, त्याच्या कानात जातात. दोन परीक्षा राहिल्या होत्या. आवाज बंद झाला तर वकिली संपली, इतकं ते सरळ होतं.

आणि आवाज बंद होईल असाच तो करार होता. दहा-बारा देशांमध्ये शिजत होता, पुस्तकं-गाणी-सिनेमांची नक्कल रोखण्यासाठी. मसुदा गुप्त. कुठून तरी बाहेर फुटलेली चार पानं ईश्वरदासने ऐकली होती. प्रकाशकाने नुसती तक्रार केली की रेकॉर्डिंग काढून टाकायचं, यंत्रं उचलून न्यायची, विचारपूस नंतर. आपल्या कायद्यात अंधांसाठी प्रत करायला मुभा आहे. त्या चार पानांत त्या मुभेचं नावही नव्हतं. करारात शिरायचं की नाही हे सरकार ठरवणार होतं, पण त्याआधी संसदेची एक समिती मत देणार होती आणि आमच्या भागाचे खासदार त्या समितीवर होते. म्हणून आम्ही त्यांना निवेदन द्यायचं ठरवलं.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती माझी आहे आणि मला ती कोणाच्या गळ्यात घालायची नाही.

खासदारांची वेळ सोमवारची मिळाली होती. ईश्वरदास निवेदनाचा मजकूर घासूनपुसून लिहीत बसला होता, त्याला एकही शब्द ढिला नको होता. मी म्हटलं, तुझं होईल तेव्हा होऊ दे, मी सह्या गोळा करून ठेवते, मजकूर वरून लावू. सगळे असंच करतात. सोसायटीच्या नळाचं निवेदन असो की रस्त्याच्या खड्ड्याचं, सह्यांचे कागद आधी फिरतात. रविवारी दिवसभर आमची माणसं, त्यांचे घरचे, शेजारी खोलीत येत राहिले. ज्यांना सही जमते त्यांनी सही केली. बाकीच्यांचा अंगठा मी शाईच्या पॅडवर टेकवला आणि धरून कागदावर उठवला. रुख्माबाईंनी विचारलंही, "काय लिवलं हाय वं वर?" मी म्हटलं, "करार नको म्हणून लिहिलंय, मावशी." वर काहीही लिहिलेलं नव्हतं.

बँकेत बत्तीस वर्षं मी लोकांवर ओरडले की कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि त्याच बत्तीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक अंगठ्याशेजारी माझ्या हाताने आपोआप लिहिलं: मजकूर वाचून दाखवला, समजून अंगठा केला, माझ्यासमक्ष. खाली माझी सही. एकतीस वेळा.

सोमवारी सदर भागातल्या, खासदारांच्या कार्यालयात फोटो निघाला, मी हसून निवेदन देते आहे असा. खासदार म्हणाले, अवश्य मांडतो. मग त्यांचा सहायक भूपेश म्हणाला, "मॅडम, दिल्लीले एका ठराविक नमुन्यात पाठवावं लागते. कागद ठेवून जा, मी व्यवस्थित लावतो." इतका नम्र माणूस की मीच त्याचे आभार मानून आले.

यादी ऐकली त्याच दुपारी मी त्याच कार्यालयात जाऊन थडकले. ईश्वरदासला नेलं नाही. तो म्हणाला होता, "मले नका नेऊ ताई, माहा आवाज चढन." माझा चढून चालतो, त्याची सगळ्यांना सवय आहे.

भूपेशने मला बघताच खुर्ची दिली, कूलर माझ्याकडे वळवला. "अभिनंदन मॅडम! अहवालात आलं ना नाव?"

मला वाटलं हा थट्टा करतोय. पण तो खरोखर खुश होता.

"आम्ही विरोध केला होता," मी म्हटलं. "तुम्ही पाठिंब्यात काहून टाकलं?"

"मॅडम, तुम्ही समजून नाही राहिल्या." त्याने आवाज खाली आणला. "विरोधाचे अर्ज ढिगानं आले. ते सगळे एका ओळीत गेले, 'काही हरकती प्राप्त झाल्या'. कोणाचं नाव नाही, गाव नाही. पाठिंब्याच्या नमुन्यात एक रकाना होता, दिव्यांगांच्या सूचना. म्हटलं, आपल्या लोकायचं तिथं नजरेत भरन. तुमचे कागद कोरेच होते वरून, ते त्या नमुन्याले लावले. तुमची शंका मी खाली टाकली, बघा."

त्याने पान दाखवलं. खाली खरंच एक वाक्य होतं: दृष्टिहीनांच्या हिताचा विचार व्हावा.

"आणि आमचं निवेदन? ईश्वरदासने चार दिवस बसून लिहिलेलं?"

"ते फायलीत हाय ना. सुरक्षित हाय."

भूपेशने पैसे खाल्ले असते, कोणाशी संगनमत केलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. पण याने आमचं भलं केलं होतं! स्वतःच्या डोक्याने, मनापासून.

"खासदारसाहेबांनी करार वाचलाय का?" मी विचारलं.

"कसा वाचतील? गुप्त हाय तो. त्याईले तरी कुठं दाखवते?"

"मग न वाचता पाठिंबा कसा दिला?"

"विरोधाले वाचावं लागते मॅडम," तो समजुतीने म्हणाला. "पाठिंब्याले नाही लागत."

मी बाहेर आले तेव्हा रस्त्यावर ऊन रणरणत होतं. मी तशीच इतवारीकडे निघाले.

खोलीवर ईश्वरदास वाट बघत बसला होता. मी सगळं सांगितलं. भूपेशला दोन-चार शिव्याही घातल्या. शिव्या संपल्यावर तो म्हणाला, "सरकारचा निर्णय अजून व्हायचा हाय. लेखी हरकत घेता येते, हे कागद आमचे नाही म्हणून."

"मग घेऊ की! आत्ता लिही."

"ताई, कागद पक्का हाय." त्याने फोन बाजूला ठेवला. "ज्याले दिसत नाही त्याचा अंगठा घेताना पहिले एकच गोष्ट पाहातेत, त्याले मजकूर वाचून दाखवला का? तुम्ही एकतीस वेळा लिवून देल्लं की दाखवला. आता या लोकायनं किती जरी म्हटलं की आमाले माहीत नव्हतं, तरी समोर तुमची सही उभी हाय. बँकेच्या बाईची."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो धडा म्हणून दाखवावा तसा बोलला. हा कायदा मीच त्याला वाचून दाखवला होता आणि तो त्याला माझ्यापेक्षा जास्त समजला होता.

"मग मी लिहून देते," मी म्हटलं. "कागद कोरे होते. मी काहीच वाचून दाखवलं नाही. मी खोटं लिहिलं."

"तुमच्यावर येईन ते."

"येऊ दे. माझं काय व्हायचं राहिलंय? तुझ्या दोन परीक्षा राहिल्यात."

रविवारी पुन्हा अंगठा दिलेल्या सगळ्यांना बोलावलं. या वेळी मजकूर आधी तयार होता, प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेला. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कागद कोरे होते, मी तुम्हाला खोटं बोलले, तुमचे अंगठे दिल्लीला भलत्याच कामाला लागले. खाली दुकानात पातेल्यांची चळत कोसळली तरी कोणी मान वळवली नाही. आता ही माणसं माझ्यावर चिडतील, तर चिडू देत, असं मी स्वतःला बजावत होते. कोणी चिडलं नाही.

सगळ्यात पुढे रुख्माबाई बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन नवा मजकूर वाचला, शब्द न् शब्द, सावकाश. मग पॅड उघडलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

त्यांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही, नुसता सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग चाचपत माझ्या हातातला कागद घेतला.

"भांड्याच्या दुकानातली अंजू हाय का खाली?" त्यांनी विचारलं. "तिले बोलवा."

अंजू दुकानात गिऱ्हाईकं सांभाळते. दहावीपर्यंत शिकलेली आहे. पदराला हात पुसत वर आली. रुख्माबाईंनी कागद तिच्यापुढे धरला.

"वाच वं बाई, काय लिवलं हाय थे."

अंजूने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती अडखळत वाचायला लागली, "दृष्टिहीनांच्या" या शब्दावर दोनदा थांबली. मी नुकतंच वाचलेलं जसंच्या तसं तिच्या तोंडून आलं. खोलीतली सगळी माणसं कान देऊन ऐकत होती. मी वाचताना ऐकत तशी.

संपल्यावर रुख्माबाईंनी विचारलं, "इतकंच हाय? खाली काई नाई ना?"

"नाही मावशी. इतकंच," अंजू म्हणाली.

तेव्हा त्यांनी अंगठा पुढे केला, अंजूच्या दिशेने. अंजूने तो पॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला. मग दुसऱ्याने तिला हाक मारली, मग तिसऱ्याने. ती प्रत्येकापाशी जाऊन तोच मजकूर पहिल्यापासून वाचत होती, आणि मी शाईचं पॅड धरून तिच्या मागे मागे फिरत होते.