सहानुभूतीचा तास

माझी लेक मैना सकाळी पाणी पीत नाही, हे मला सकाळची शाळा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं. पेला ती तोंडाला लावायची आणि माझी पाठ वळली की न्हाणीत ओतायची.

"तहान नाही लागत तुला?"

"लागते. पण मग वर्गात करंगळी दाखवावी लागते. आणि बाई सोडत नाहीत."

मार्चपासून शाळा सकाळची, सातला भरून साडेअकराला सुटणारी. सहा वर्षांची पोर तेवढा वेळ कोरडी बसायची. लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी पाजा, नाहीतर दुखणं वाढेल. मी बी. ए.; घरात बालमानसशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं. दोन्ही शेवटपर्यंत चाळली. त्यांतलं एकही मूल शू करत नव्हतं.

पहिलीच्या यमुनाबाईंना रस्त्यात गाठलं. पंचवीस वर्षांची नोकरी त्यांची.

"वहिनी, एकीला सोडलं की चाळीस करंगळ्या वर होतात. मग मी शिकवू कोणाला, भिंतीला?"

हेडमास्तरांकडे गेले, तर ते खूशच झाले. "अगदी वेळेवर आलात! खात्याचं परिपत्रक आलंय. शिक्षकांनी विद्यार्थ्यांविषयी सहानुभूती दाखवायची आहे. एकतीस मार्चच्या आत."

त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक खास तास ठरला. शिक्षकांनी मुलांच्या जागी तरटावर बसायचं आणि एका सुशिक्षित पालकाने शिकवायचं. आळीत पदवीधर आई मी एकटीच. तेव्हा मीच.

हेडमास्तर, चार गुरुजी आणि यमुनाबाई मांड्या घालून बसले. 'मुलाचे मन' या विषयावर मी अकरा पानं टिपणं काढली होती. सातव्या पानावर हेडमास्तरांनी करंगळी वर केली. मी ऐन रंगात आले होते.

"आत्ता नाही. मुद्दा संपू दे."

"अहो, पण खरंच..."

"खाली बसा! तुम्हाला सोडलं की सगळेच उठतील."

बोलून गेले आणि कान तापले. तोवर हेडमास्तर शाळेमागच्या दगडी गडग्याआड पोचलेही होते. पाठोपाठ चारही गुरुजी. वर्गात उरल्या एकट्या यमुनाबाई.

"तुम्हीही जाऊन या ना, बाई."

"कुठे? गडग्याआड?"

मी खिडकीतून गडग्याकडे पाहिलं.

"पोरगे जातात, मास्तर जातात. पोरींना सोडायचं तर कुठे, सांगा. गडग्यावर पोरगे चढून बसतात. गेल्या साली एक मुलगी तिथून रडत आली, ती पुन्हा शाळेत आलीच नाही. त्यापेक्षा मी दुष्ट ठरलेली बरी."

"आणि तुम्ही स्वतः?"

"सकाळी चहासुद्धा घेत नाही. पंचवीस वर्षं झाली. लेकीला विचारलंत तसं मला कोणी विचारलं नाही हो."

एवढ्यात हेडमास्तर हात पुशीत आले. "झकास तास! मुलांच्या भावना अगदी आतून कळल्या."

"मग मुलींसाठी माडाच्या चार झापांचा आडोसा उभारू या," मी म्हटलं.

"वहिनी, परिपत्रकात सहानुभूती आहे. बांधकाम नाही." आणि त्यांनी तिथेच अहवालाचा कागद पुढे ओढला.

जाताना मी यमुनाबाईंना म्हटलं, दोन आळ्या सोडून माझं घर. मधल्या सुट्टीत मैनेला घेऊन या, तुमचीही सोय होईल.

सोमवारी सुट्टीत परसदारी पाहिलं, तर बाईंच्या मागे मैना, आणि मैनेच्या मागे पहिलीच्या एकवीस मुली, एकमेकींच्या परकराचं टोक धरून.

"अगो, ही वरात कसली?" सासूबाई दारात आल्या.

"शाळा आहे, आई."

"मग बघतेस काय? रहाटाला लाग. बादल्या का आपसूक भरणार?"

मी रहाटाला लागले. हात सोलवटले. मनात हिशेब चालू: उद्या दुसरीच्या मुली आल्या तर? आणि हेडमास्तरांनी फाटक बंद ठेवलं तर?

सगळ्यांच्या शेवटी यमुनाबाई आत जाऊन आल्या. पायरीवर टेकल्या आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायल्या. मैना त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "मला ठेवा ना थोडं."