तीन वेळचं जेवण

पाहणीला आलेल्या पाहुणीबरोबर फिरताना पेनिनाला तिची स्वतःची निळी मच्छरदाणी त्या दिवशी तीन घरांत भेटली. पहिल्या घरात वाटलं, असेल कुणाची तशीच. दुसऱ्या घरात कोपऱ्यातलं ठिगळ ओळखू आलं. तिसऱ्या घरात मच्छरदाणी पाहुणीच्या आधी पोचली होती, आणि ती टांगणारी सून अजून धापा टाकत होती. फुलाफुलांच्या सहा थाळ्याही मागच्या केळींमधून घरोघर पुढे धावत होत्या.

दोष पेनिनाचाच होता. सामोआतल्या त्या गावात बायकांची समिती दर महिन्याला घरोघर फिरून चटया, भांडी, अंथरुणं तपासते आणि कमी भरलं की दंड करते. पेनिना एकोणीस वर्षं समितीची प्रमुख. पाहुण्यापुढं घराची उणीव दिसता कामा नये, हे तिनंच गावाच्या अंगी बाणवलेलं. त्यामुळे मेलबर्नहून पाहणीला येणाऱ्या हॅरिएटबाईंना खरं तेच सांगा, असं तिनं आठवडाभर बजावलं, तेव्हा बायकांनी माना डोलावल्या आणि चटया घासायला घेतल्या.

त्या खरं सांगण्यावर गावची बालवाडी टांगली होती. बाप्ये न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेले, बाया दिवसभर अळकुड्यांच्या मळ्यात. तिथंही निम्मे कंद रोगानं गेले आणि उरलेले पावसानं जमिनीतच कुजले. लहान पोरं सकाळी बालवाडीच्या छपराखाली गाणी म्हणायची आणि भात-दूध जेवायची. तांदूळ आणि दूध मेलबर्नची संस्था धाडायची. त्यानं पोरांचं काही भलं झालं का, हे बाई ठरवणार होत्या. झालं नसेल, तर नाताळानंतर तांदूळ बंद.

बाई चटईवर मांडी घालून बसायच्या, गावच्या पाद्र्याची बायको, पाद्रीणबाई, दुभाष्याचं काम करायच्या. पोरं दिवसातून किती वेळा जेवतात, हा पहिला प्रश्न. घरोघर उत्तर एकच आलं : तीन वेळा. आणि पाहुणीला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून प्रत्येक घरानं उरलीसुरली कोंबडी कापली. सातव्या घरापर्यंत बाई स्वतः सात वेळा जेवल्या होत्या.

आठवं घर तिरेसाचं. चार पोरं, नवरा सफरचंदांत. तिरेसानं फुलाफुलांची थाळी पुढं सरकवली आणि म्हणाली, "तीन येळा. कवाकवा चार."

धाकटं पोर खांबाला टेकून थाळीतली तंगडी कधी उरते त्याची वाट बघत होतं.

बाईंनी हातातल्या यंत्रावर बोट फिरवलं. तीन वर्षांपूर्वी, बालवाडी नव्हती तेव्हाही सगळ्यांनी तीन वेळाच सांगितलं होतं. मग बालवाडीनं बदललं काय, असं त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं. पाद्रीणबाईंनी ते प्रार्थनेच्या सुरात सांगितलं.

"तिरेसा, बोल की गं," पेनिना म्हणाली. "दंड न्हाई लागायचा."

"काकी, भोकाच्या पातेल्यापायी तुमी मला साऱ्या गावाम्होरं उभी केली हुती. आता परमुलखाच्या बाईम्होरं मी आपणहून उभी ऱ्हाऊ व्हय?"

पेनिना उठली आणि बाईंना आपल्या घरी घेऊन गेली. पुढून नाही, मागून. जिथं पाहुण्याला कुणी नेत नाही, त्या चुलीच्या खोपटात. तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत पाणी होतं आणि उकडलेली कच्ची पपई.

"तीन नातवंडं हायती," ती म्हणाली. "घरी ह्ये एकडाव. बालवाडीत खात्यात ते दुसरं. तिसरं न्हाई."

केळींमागं बायका जमल्या होत्या. आपलं पातेलं दाखवायला एकही पुढं आली नाही. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पातेल्याचा फोटो काढला.

दोन महिन्यांनी अहवाल आला. गावात अन्नाची स्थिती समाधानकारक, बालवाडीमुळे बदल आढळला नाही, मदत पुढे चालू ठेवण्याची गरज नाही. अपवाद एकच कुटुंब, समिती-प्रमुखांचं. त्यांना तातडीचं साहाय्य द्यावं. सोबत पेनिनाच्या नावानं माशांच्या डब्यांचं एक खोकं होतं.

त्याच आठवड्यात समिती बसली. पाहुण्यापुढं गावाला मान खाली घालायला लावल्याबद्दल प्रमुखाला दंड ठरला : माशांच्या डब्यांचं एक खोकं. सूचना तिरेसानं मांडली. नियम पेनिनाचाच होता, तिनं मान डोलावली.

"खोकं कुटं ठिवू?" तिनं विचारलं.

"बालवाडीच्या छपराखाली," तिरेसा म्हणाली. "उद्यापासनं रांधाय मी येतीया. पातेलं माजं. भोक बुजवलंय त्याचं."

डबे बारा दिवस पुरले.

तेराव्या दिवशी महिन्याची तपासणी होती. तिरेसानं घरात चटया मांडल्या होत्या, भांडी उन्हात लखलखत होती. पेनिना त्यांच्याकडं न बघता वळसा घालून मागं गेली आणि चुलीपाशी उकिडवी बसली.

तिरेसा तिच्यामागून आली. मग तिनं स्वतःच पातेल्यावरचं झाकण उचललं.