मिस लॉरेटाच्या येण्याची तालीम

बॅग छातीशी धरून सुशांत बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिला. आलेल्या आकड्यातून त्याने स्वतःला वजा केलं.

"मिस लॉरेटा, अजून चार पाउंड बसतात. साबण घालू?"

"राहू दे," ती म्हणाली. "तिकीट कॅन्सल करतेय."

लॉरेटा सुशांतच्या खालच्या मजल्यावर राहायची. नोव्हाय शहराजवळच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं गाड्यांना दारं बसवली होती. रिटायर झाल्यावर तिने गालातली लाळ पोस्टाने तपासायला पाठवली. उत्तर आलं, तुझे पूर्वज घानाकडचे. उद्याचं विमान होतं.

बॅग भरली होती सरला मावशीने. मावशी सांगलीहून भाच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली. घानात नातेवाईक किती, हे लॉरेटाला माहीत नव्हतं. म्हणून मावशीने चॉकलेटं दुप्पट केली होती.

"आता काय झालं हिला?" मावशीने विचारलं.

"म्हणते, तिथे कोणी ओळखलंच नाही तर? पूर्वजांना गुलाम करून नेल्यावर तीनशे वर्षांनी दारात जाऊन सांगायचं काय? टुरिस्टच की मी."

मावशीने पदर खोचला. "तिला बाहेर काढ."

"मावशी!"

"बाहेर काढ नि दार लाव. तालीम करू."

लॉरेटा बिचारी बाहेर गेली. एकतीस वर्षं दारं बसवलेल्या त्या हातांनी अगदी हळू टकटक केली.

मावशीने दार उघडलं. भाकरी नव्हती, बेगल नावाचा गोल पाव होता. त्याचा तुकडा तिने लॉरेटावरून तीनदा ओवाळला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा जिन्यावरून खाली भिरकावला. पार्किंगमधल्या बदकाने तो लगेच मनावर घेतला.

मग दोन्ही हातांनी तिचे गाल धरून मावशी म्हणाली, "आलीस? किती वाळलीस गं!"

सुशांतने इंग्रजी केलं. लॉरेटाने खाली स्वतःकडे पाहिलं. सकाळी हाच काटा तिला दोनशे बारा पाउंड म्हणाला होता.

"तीनशे वर्षं परक्यांच्या हातचं खाऊन माणूस वाळणारच," मावशी म्हणाली. "सांग की हे पण."

एवढं एक वाक्य सांगायला सुशांतला बराच वेळ लागला.

लॉरेटा मागे वळली, बाहेर गेली आणि जाताना तिनेच दार ओढून घेतलं.

"गेली?" मावशीने विचारलं. हातात उरलेला बेगल तसाच होता.

मग टकटक न होताच दार उघडलं.

"चार पाउंड म्हणालास ना?" आत येत लॉरेटा म्हणाली. "साबण नको. चॉकलेटंच घाल."