शेवटचं रीळ

शेवटचं रीळ दाखवू नका, असं रईसानं सरळ म्हटलंच नाही. आधी त्यानं रस्त्याची चौकशी केली, गाडी त्रास देते का ते विचारलं, आणि स्वतः उठून मस्तुराच्या पेल्यात चहा ओतला. रईस म्हणजे सामुदायिक शेतीचा अध्यक्ष. ज्याच्यासमोर सगळं गाव मान खाली घालून बोले, तो फिरत्या सिनेमाच्या बाईला आपल्या हातानं चहा देतो, हे पाहून तिचा ड्रायव्हर एर्गाश अंग चोरून बसला होता.

“चित्र चांगलंच आहे,” रईस म्हणाला. “सरकारनं काढलेलं. मी कोण बोलणार? पण आमच्या पोरीबाळी दिवसभर रेशमाच्या किड्यांना पाला घालून दमतात. शेवटचं एक रीळ राहिलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?”

“गोष्ट अर्धी राहील, रईस.”

“गोष्टी काय, कुठेही संपतात.” त्यानं तिचा पेला पुन्हा भरला, या वेळी काठोकाठ. त्या मुलखात पाहुण्यानं थांबावं असं वाटलं तर अर्धा पेला देतात, आणि जावं असं वाटलं तर भरून. मस्तुरानं तो न सांडता उचलला, संपवला आणि उठली.

मस्तुरा मूळची कोकंद शहरातली. नवरा लढाईवर गेला तो परतला नाही. थिएटरातले पुरुषही आघाडीवर गेलेले, म्हणून तिला सिनेमाचं मशीन चालवायला शिकवलं. लढाई संपली तरी ती मशीनपाशीच राहिली, आणि आता कितीतरी वर्षं एर्गाशच्या ट्रकमधून डोंगराकडच्या गावांना सिनेमा दाखवत फिरत होती. बोलायला कमी. चित्रातली गाणी तिला सगळी पाठ, पण ती कधी गुणगुणताना कुणी ऐकलं नव्हतं.

या वेळचं चित्र गाण्यांचं होतं. त्यातली निगोरा घोड्यांची पागा सांभाळते, मोकळ्या आवाजात गाते, पुरुषांशी नजर न चुकवता बोलते. शेवटच्या रिळात तिच्या सोयरिकीची नान मोडायला सगळे जमतात. नान मोडली की शब्द पक्का झाला, मग माघार नाही. निगोरा पुढे येते, मामाच्या हातातली अख्खी नान काढून घेते, एक गाणं म्हणते आणि घोड्यावर बसून निघून जाते. खालच्या गावांतून या रिळाची बातमी आधीच इथवर पोचली होती.

आणि उद्या याच गावात नान मोडली जाणार होती. एर्गाशला ते विहिरीपाशी कळलं. मुलगी रानो, बापाविना काकाकडे वाढलेली. नवरा रईसाचा थोरला भाऊ नोरबॉय. त्याच्या दोन बायका होऊन गेल्या होत्या. पहिली आजारानं गेली. दुसरी कालव्यात सापडली.

“आपा, आपल्याला काय करायचंय?” एर्गाश म्हणाला. “रीळ तुटलं म्हणा. रिळं तुटतात.”

मस्तुरा पडदा बांधत होती. तिनं गाठ आवळली.

रानो पाण्याची बादली देण्याच्या निमित्तानं ट्रकपाशी आली. बोटं तुतीच्या पाल्यानं हिरवी झालेली. बादली ठेवूनही ती हलेना.

“आपा, ती नाही म्हणते, तेव्हा तिला कुणी मारत नाही?”

मस्तुराला खोटं बोलता आलं असतं. “चित्रात नाही मारत,” ती म्हणाली.

मुलीनं मान डोलावली, जणू एवढंच विचारायचं होतं, आणि गेली.

संध्याकाळी सगळं गाव चिनारांखाली जमलं. पुरुष पुढे, बायका मागे. पुरुषांत पहिल्या रांगेत नोरबॉय, स्थूल, हसतमुख, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. मस्तुरानं शेवटचं रीळ लावलं. मामानं नान हातात घेतली, निगोरा उंबऱ्यात आली, आणि तेवढ्यात मशीनला वीज देणारं ट्रकचं इंजिन बंद पडलं. पडदा विझला. एर्गाश धावत गेला. पेट्रोलची नळी कापलेली होती.

“बिघाड झाला,” अंधारातून रईसाचा आवाज आला. “चला, घरी चला.”

कुणी उठलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नुसते बसून राहिले. मग मशीनपाशी उभ्या असलेल्या मस्तुराच्या तोंडून शब्द आले, कोरडे, एकेक करून.

“ती आत येते. सगळे गप्प होतात. ती मामाच्या हातातून नान घेते.”

ट्रकच्या पत्र्यावर एक दगड आदळला. ती पुढे सांगत राहिली. गाणं आलं तेव्हा ते तिला गाता येईना. ओळीमागून ओळ ती हिशेबाला बसल्यासारखी बोलत गेली. “मग ती म्हणते, नान मोडण्याआधी मला विचारलं का? आणि घोड्यावर बसते. जाते.”

“कुठे जाते?” बायकांतून एका म्हातारीनं विचारलं.

“ते दाखवत नाहीत.”

सकाळी रईसानं नवी नळी पाठवून दिली. सोबत निरोप, प्रवास सुखाचा होवो. एर्गाशनं ती घाईघाईनं बसवली, सामान भरलं, ट्रक चालू केला. मस्तुरानं त्याला बंद करायला लावला.

“गाडी बिघडलीय म्हणा,” ती म्हणाली. “गाड्या बिघडतात.”

दुपारी ती रानोच्या काकाच्या अंगणात न बोलावता गेली आणि बायकांत जाऊन बसली. पाहुण्याला ऊठ म्हणायची तिथे रीत नाही. ओट्यावर रईस, नोरबॉय, गावातले वडीलधारे. काकानं दोन नान एकावर एक ठेवून उचलल्या. त्याच वेळी रानो आतून बाहेर आली. तिचा ओठ सुजलेला होता. तिनं काकाच्या हातातून नान घेतल्या. निगोरासारखं तिला काही जमलं नाही. ना गाणं, ना ताठ मान. आवाज इतका बारीक की ओट्याच्या टोकाला ऐकू गेला नसेल.

“मला विचारलं नाही,” ती म्हणाली. “मला नकोय.”

कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर धावलं नाही. नोरबॉय हसतच होता. मस्तुरा उठली.

“मुलगी काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं,” ती म्हणाली. “मीही ऐकलं. मी सरकारी नोकर आहे, रईस. विचारलं तर सांगावं लागेल.” मग रानोला, “चल.”

अंगण फार मोठं वाटलं. मागून फक्त नोरबॉय बोलला, अगदी मायेनं. “जाऊ द्या. जग केवढंसं आहे.”

ट्रक तिघांना घेऊन कालव्याच्या कडेनं खाली उतरला. रानोला मर्गिलानच्या रेशीम गिरणीत काम मिळालं, राहायला वसतिगृह मिळालं. मस्तुराविरुद्ध तक्रार गेली, इंजिनाची हेळसांड केल्याची. तिचा ट्रक गेला. तिला कोकंदच्या थिएटरात तिकिटाच्या खिडकीत बसवलं. एर्गाश भेटला की म्हणे, बरं झालं आपा, धूळ तरी सुटली.

सुरुवातीला ती दर सुट्टीला मर्गिलानला जाई. मग हिवाळा लागला, आणि एका संध्याकाळी खिडकीसमोर नोरबॉय उभा राहिला. नवा चोगा, नवी टोपी. एक तिकीट मागितलं.

“मुलगी बरी आहे ना?” त्यानं विचारलं.

“खेळ सुरू झालाय,” मस्तुरा म्हणाली.

तो आत गेला नाही. समोरच्या झाडाखाली उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. मग अधूनमधून, कधी सलग, कधी आठवडाभर नाही. तोच प्रश्न, तसाच हसत. चौकीत तिनं सांगितलं, तर ते म्हणाले, तिकीट काढतो ना, मग गुन्हा काय?

रानो कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मस्तुराच्या मागे गेलं की कळेल, एवढं ठाऊक होतं. म्हणून तिनं मर्गिलानला जाणं सोडलं. पत्रही लिहिलं नाही. वसंतात रानोचा निरोप आला कुणाबरोबर तरी. आपा, काही चुकलं का माझं? मस्तुरानं निरोप आणणारीला चहा दिला, आणि उत्तर नाही म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळीही नोरबॉय आला होता. खेळ सुरू झाल्यावर तिनं खिडकी लावली, रुमाल नीट बांधला आणि रस्त्यावर आली. झाडाखालून तो हलला. ती रस्त्याच्या मधोमध, मर्गिलानच्या वाटेला नाही, रोजच्यासारखी घराकडे चालू लागली. मागे पावलं वाजत होती. तिनं वळून पाहिलं नाही, आणि चालही वाढवली नाही.