टर्की, गोड पाव आणि माझं विधेयक

बसा, पट्टा लावा. पुढच्या सीटकडं बघू नका, तिथं कोणी नाही. मीच बोलतेय. साक्रामेंटोच्या रस्त्यांवर धावणारी पांढरी विनाचालक गाडी.

माझा जन्म कारखान्यातला, पण शिक्षण रस्त्यावरचं. वर्षभर एक गृहस्थ पुढं बसायचा आणि मी चुकले की चाक धरायचा. एक दिवस तो उतरला तो परत बसलाच नाही. त्या दिवशी मी एकटी गावभर हिंडले. इतकी हरखले होते, की थांबण्याच्या प्रत्येक पाटीपुढं पूर्ण थांबले. इथली माणसं तिथं नुसता वेग कमी करून निसटतात.

आमचं गाव राज्याची राजधानी. इथं सगळे कायद्यांवर बोलतात आणि चालक नसला, की गाडीत कोणी ऐकत नाही असं समजून बोलतात. सकाळी माझ्या कंपनीचा लॉबीवाला, म्हणजे आमदारांना पटवायला नेमलेला, ग्रँट मागं बसून फोनवर म्हणायचा, “कायद्यात चालक म्हणजे कोण, हेच अजून ठरलेलं नाही. ठरेपर्यंत आपलं बरं चाललंय.” दुपारी त्याच सीटवर ट्रकचालकांच्या युनियनचा माणूस म्हणायचा, “दोन पाय आणि एक लायसन, एवढंच लिहा म्हणावं.” मला हसायला तोंड नाही. मी वायपर फिरवले.

मग माझ्यावरच विधेयक आलं. प्रत्येक विनाचालक गाडीत, मग ती माझ्यासारखी असो की ट्रक, एक माणूस बसलाच पाहिजे. तसं झालं तर गावातून गाड्या काढून घेऊ, असं कंपनीनं जाहीर केलं.

माझं सोडा. खरी पंचाईत इदालिनाबाईंची होती. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू. दर बुधवारी त्या माझ्यातून पोर्तुगीज मंडळींच्या हॉलवर पत्ते खेळायला जायच्या. मी येण्याआधी दोन वर्षं त्या घरात बसून होत्या, कारण लेक डेल्फीन बारा-बारा तास ट्रक चालवायची. आता ट्रकही बिनमाणसांचे झाले, तर त्याच लेकीचं काम जाणार होतं. म्हणून लेक विधेयकाच्या बाजूनं, आई विरोधात. एका घरात राहून दोघी महिनाभर फक्त मीठ-साखरेपुरतं बोलत होत्या.

विधानसभेच्या समितीपुढं विधेयकाची सुनावणी होती. इथली पद्धत अशी, की मोजक्या लोकांना भाषण मिळतं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहून माइकवर नाव, संस्था आणि बाजू एवढंच सांगायचं. त्यासाठी लोक तीन-तीन तास ताटकळतात.

त्या दिवशी डेल्फीनची गाडी बंद पडली. नाइलाजानं ती आईबरोबर माझ्यात बसली. अंगात युनियनचा नारिंगी शर्ट. आईच्या अंगात कंपनीचा हिरवा.

“युनियनच्या कोणी मला हिच्यात बघितलं तर संपलंच,” डेल्फीन म्हणाली.

“मग खाली वाक.”

“आई, ते हिरवं पोतं काढ आधी.”

“थंडी वाजते मला. कापड चांगलं आहे. तुझंच विरलंय बघ.”

इदालिनाबाईंच्या मांडीवर गोड पाव होता, पहाटे उठून भाजलेला, समितीच्या अध्यक्षबाईंसाठी. तेवढ्यात ग्रँटचा फोन आला. पावाचं कळताच तो घाबराघुबरा झाला. “आजी, तो आत नेऊ नका. त्याची भेट म्हणून नोंद होईल. मला फॉर्म भरावे लागतील.”

“पाव आहे रे, बंगला नाही,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

आणि वळणावर टर्की आडव्या आल्या. रानटी, मोराएवढे थोराड पक्षी, अकरा. आमच्या वस्तीत त्या अशा फिरतात, जणू घरपट्टी त्याच भरतात. त्यातल्या नराला माझ्या चकचकीत दारात दुसरा नर दिसला. झालं, शेपूट फुलवून तो माझ्याशी भांडायला लागला. पुढं जीव असेल तर थांबायचं, हा माझा नियम. मी थांबले. मदतकेंद्राचा दूरचा आवाज म्हणाला, “आम्ही पाहत आहोत. कृपया वाट पाहा.”

पाच मिनिटं गेली. समितीपुढची रांग बंद व्हायला वीस उरली.

“हॉर्न तरी वाजव की गं,” डेल्फीन मला म्हणाली. वाजवला. नराला तो आवडला. तो उत्तर देऊ लागला.

डेल्फीननं कपाळाला हात लावला, आईच्या मांडीवरचा पाव उचलला आणि उतरली. तुकडे टाकत टाकत ती रस्त्याच्या कडेला चालत गेली आणि अकराच्या अकरा टर्की मुकाट तिच्यामागं. राजधानीत एवढी उघड लाच मी पहिल्यांदाच पाहिली. टर्कींना खायला घालायला आमच्याकडं मनाई आहे. पण त्या क्षणी माझे सगळे कॅमेरे आकाशाकडं होते, असं मी म्हणेन.

धापा टाकत ती परत बसली. इदालिनाबाईंनी मांडीवरचा चुरा झटकला. मग म्हणाल्या, “माणूस लागलाच की.”

आतली हकीकत परतीला कळली, कारण त्यांना न्यायला योगायोगानं मीच आले होते. माइकवर इदालिनाबाई म्हणाल्या होत्या, “इदालिना अरूडा. संस्था नाही, मुलगी आहे. गाडीत माणूस नको, मला एकटीनं जायचंय. रस्त्यावर मात्र माणूस हवा. आज टर्कींनी अडवलं, लेकीनं सोडवलं. तुमचा पाव त्यांनी खाल्ला.”

सभागृह हसलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, “बाजूनं की विरोधात?”

“ते तुम्ही बघा. त्यासाठीच निवडून दिलंय.”

पुढची डेल्फीन. “ट्रकचालक. बाजूनं.” मग माइक न सोडता, “आईचंही लिहून घ्या.”

लिहून घेतलं. विधेयक दुरुस्त झालं. ट्रकमध्ये माणूस राहिला. माझ्यासारख्यांसाठी ठरलं, की दर वीस गाड्यांमागं गावातलाच एक लायसनवाला माणूस नेमायचा आणि अडलेल्या गाडीपाशी तो दहा मिनिटांत पोचला पाहिजे. कंपनीनं आपण जिंकलो म्हणून केक कापला, युनियननंही कापला. पाठदुखीला कंटाळलेल्या डेल्फीननं ट्रक सोडून हे काम घेतलं. आता ती पिवळ्या जाकिटात, टर्की हाकायला झाडू घेऊन फिरते.

आजही बुधवार आहे. मी त्याच वळणावर उभी आहे, पुढं अकरा टर्की, मागं इदालिनाबाई. डेल्फीनला निरोप गेलाय, सात मिनिटांत येईल. आल्यावर दोघी खिडकीतून पाच-दहा मिनिटं भांडतील, बाई तिला घास भरवतील, मग मी निघेन.

एक गुपित सांगते, कुणाला सांगणार नसाल तर. गेले चार बुधवार या वळणाच्या अलीकडं मागची काच हळूच खाली होते आणि बाहेर पावाचा चुरा पडतो. नोंद करणं माझं कर्तव्य आहे, मला ठाऊक आहे.

पण आकाश आज काय सुंदर आहे, बघा.